काचेच्या पेटीतला हिशेब: वॉरिंग्टन बापलेक आणि आपल्या घरातले सिक्लिड

 घरातल्या साध्या वस्तूंचा इतिहास सांगणाऱ्या आपल्या या मालिकेत आजची वस्तू आहे फिश टँक. काचेची पेटी, तिच्यात पाणी, पाण्यात झाडं आणि मासे. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? दुकानातून टाकी आणायची, पाणी भरायचं, मासे सोडायचे. मलाही असंच वाटायचं. आमच्या बाबांनाही तसंच वाटलं होतं, म्हणून गोष्ट तिथूनच सुरू करतो.

साल १९८७. आम्ही बडोद्याला, दांडिया बाजाराच्या मागच्या अंगाला राहत होतो. बाबा बँकेत होते. त्या वर्षी दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी दोन फुटी टाकी आणली. सकाळी टाकी आली, दुपारी तिच्यात बोअरचं पाणी भरलं आणि संध्याकाळी चार एंजल मासे सोडले. तळाला रंगीत खडी, मध्ये प्लास्टिकची हिरवी झाडं. शेजारपाजारचे बघायला आले, चहा झाला. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. बाबांनी सगळं पाणी उपसलं, खडी गरम पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली आणि नवं पाणी भरलं. पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. आठव्या दिवशी सकाळी चारही तरंगत होते.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. शेजाऱ्यांच्या देखत म्हणालो, "बाबा, तुम्हीच मारलेत ते. जमत नव्हतं तर आणले कशाला?" बाबा काही बोलले नाहीत. टाकी माळ्यावर गेली आणि पुढे कित्येक वर्षं आई तिच्यात आकाशकंदील ठेवायची.

त्या चार माशांचं नेमकं काय झालं, हे मला फार उशिरा कळलं. आणि कळलं ते इतिहास वाचताना. कारण बाबांनी जी चूक केली, तिचं उत्तर सापडायला शास्त्रज्ञांनाही चाळीस वर्षं लागली होती.

बाटलीत उगवलेलं नेचं

आधी थोडं मागे जाऊ. १७७१ मध्ये इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली यांनी बंद भांड्यात मेणबत्ती विझवली आणि त्या 'बिघडलेल्या' हवेत पुदिन्याची फांदी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. १७७९ मध्ये यान इंगेनहौझ यांनी दाखवून दिलं की, झाड हवा सुधारतं ते उजेडात, आणि तेही हिरव्या भागानं. आपण कॉलेजात हायड्रिलाच्या फांदीवर फनेल उपडं ठेवून बुडबुडे मोजले, तो प्रयोग याच वाटेवरचा.

१८२९ च्या सुमारास लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी एका पतंगाचा कोष ओल्या मातीसकट बंद बाटलीत ठेवला होता. वाट बघत होते पतंगाची, पण मातीतून उगवलं नेचं आणि गवत. लंडनच्या कोळशाच्या धुरात त्यांची नेची जगत नसत, बाटलीतलं मात्र टवटवीत राहिलं. पाणी काचेवर जमायचं आणि परत मातीत उतरायचं. यातून 'वॉर्डियन केस' तयार झाली, म्हणजे झाडांसाठी काचेची बंद पेटी. रॉबर्ट फॉर्च्युन यांनी चीनमधून चहाची रोपं भारतात, हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांपर्यंत आणली, ती याच पेट्यांतून.

झाड पेटीत जगतं म्हटल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला. मासा जगेल का?

दोन मासे, एक पाणवनस्पती आणि गोगलगायी

या प्रश्नाला हात घातला रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. ते लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनज्ञ होते. मे १८४९ मध्ये त्यांनी बारा गॅलनचं, म्हणजे साधारण पंचावन्न लिटरचं काचेचं भांडं घेतलं. तळाशी वाळू, गाळ आणि दगड टाकले. त्यात व्हॅलिसनेरिया लावली. रिबिनीसारख्या लांब पानांची ही वनस्पती आपल्याकडच्या तळ्यांतही दिसते. त्यात दोन लहान गोल्डफिश सोडले.

काही दिवस बरे गेले. मग व्हॅलिसनेरियाची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. इथं वॉरिंग्टननी काय केलं बघा. त्यांनी भांडं रिकामं करून धुतलं नाही. निसर्गात कुजलेली पानं कोण खातं, याचा त्यांनी विचार केला आणि पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, पाणी निवळलं. गोगलगायींची अंडी माशांनी खाल्ली. १८५० मध्ये त्यांनी हा सगळा वृत्तांत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मासा प्राणवायू घेतो, वनस्पती तो देते, गोगलगाय सफाई करते आणि तिघांचा हिशेब जमतो.

ही कल्पना इंग्लंडात वणव्यासारखी पसरली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं काचघर लोकांसाठी उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि तो शब्द घरोघरी पोचला. दिवाणखान्यात टाकी असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. पण अनेकांच्या टाक्या नासल्या, मासे मेले आणि दहा-पंधरा वर्षांत ते वेड ओसरलं. लोकांनी वॉरिंग्टनचं भांडं उचललं, पण त्यांचं प्रमाण उचललं नाही. पंचावन्न लिटरमध्ये फक्त दोन लहान मासे, भरपूर वनस्पती आणि कित्येक महिन्यांचा धीर.

मुलानं पूर्ण केलेला हिशेब

वॉरिंग्टनचा हिशेब बरोबर होता, पण अर्धा होता. मासा नुसता श्वास घेत नाही, तो घाणही करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो आणि अमोनिया माशाला विषारी असतो. मग वॉरिंग्टनच्या भांड्यात तो जात कुठे होता?

याचं उत्तर १८७७ नंतर मिळायला लागलं. पॅरिसमध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी सांडपाणी वाळूतून हळूहळू झिरपवलं. काही दिवसांनी खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट यायला लागलं. वाळूत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की ते थांबायचं. म्हणजे वाळूत काहीतरी जिवंत होतं, जे हे काम करत होतं.

हाच धागा इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात एका रसायनज्ञानं उचलला. त्यानं वर्षानुवर्षं मातीवर प्रयोग केले आणि दाखवून दिलं की, हे काम दोन टप्प्यांत होतं. आधी अमोनियाचं नायट्राइट होतं, मग नायट्राइटचं नायट्रेट, आणि दोन टप्प्यांचे कामकरी जीव वेगळे असतात. १८९० मध्ये सर्गेई विनोग्रॅडस्की यांनी झ्युरिकमध्ये असे जीवाणू वेगळे करून दाखवले.

रॉथमस्टेडच्या त्या रसायनज्ञाचं नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच. आपल्या वॉरिंग्टनचा मुलगा. वडिलांनी १८४९ मध्ये ते भांडं मांडलं, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. वडील १८६७ मध्ये गेले. आपल्या भांड्यातल्या वाळूवर, दगडांवर, पानांवर कोण काम करत होतं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगा शेतातल्या मातीचा अभ्यास करत होता, फिश टँकचा नव्हे. पण वडिलांच्या हिशेबातला राहिलेला अर्धा भाग त्याच्या हातून भरला गेला.

हे वाचलं त्या रात्री मला आमची दोन फुटी टाकी आठवली. नव्या टाकीत हे जीवाणू जवळजवळ नसतातच. ते हळूहळू वाढतात. टाकी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही एका दिवसात चार मासे सोडले. बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी, म्हणजे पीएच जास्त. जितका पीएच जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. प्लास्टिकच्या झाडांना अमोनिया शोषता येत नाही. आणि तीन दिवसांत खडीवर जे थोडेफार जीवाणू बसले असतील, ते गरम पाण्यानं आणि उन्हानं मेले. बाबांनी आळस केला नव्हता. उलट जास्तच स्वच्छता केली होती.

आपले सिक्लिड, परके सिक्लिड

आता माशांकडे वळू. एंजल हा सिक्लिड कुळातला मासा. हे कुळ प्रचंड मोठं. दक्षिण अमेरिकेत एंजल, डिस्कस, रॅम. आफ्रिकेच्या मलावी आणि टांगानिका सरोवरांत शेकडो जाती. आणि भारतात मोजून तीन. एंजलचं शास्त्रीय वर्णन १८२३ मधलं, डिस्कसचं १८४० मधलं. पण हे मासे जिवंत युरोपात पोचून घरच्या टाकीत यायला विसावं शतक उजाडलं. छोटा रंगीत रॅम तर त्याहून उशिराचा. त्याचं वर्णन १९४८ मध्ये झालं आणि तो मूळचा ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला.

आपल्या तिघांना मात्र त्याआधीच शास्त्रीय नावं मिळाली होती. बर्लिनचे डॉक्टर मार्कुस ब्लॉख यांनी १७९० मध्ये एकाचं नाव ठेवलं 'सुराटेन्सिस', म्हणजे सुरतचा. प्रत्यक्षात हा मासा दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या खाड्या-खाजणांतला. केरळात त्याला करिमीन म्हणतात आणि २०१० पासून तो त्या राज्याचा राज्यमासा आहे. गोव्यातल्या मंडळींना हाच काळुंदर म्हणून ताटात भेटतो. दुसरा नारिंगी-पिवळा, बोटभर लांबीचा ऑरेंज क्रोमाइड. त्याचंही नाव ब्लॉख यांनीच १७९५ मध्ये दिलं. तिसरा कर्नाटकच्या किनारपट्टीतल्या नद्यांचा, ज्याचं वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७७ मध्ये केलं.

या तिघांचे सर्वांत जवळचे नातेवाईक कुठे आहेत? मादागास्करमध्ये. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटले. तेव्हापासूनचं हे नातं की हे मासे नंतर समुद्र ओलांडून आले, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. सिक्लिडचे सर्वांत जुने ज्ञात जीवाश्म त्या फाटाफुटीच्या मानानं बरेच अलीकडचे, साडेचार कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. वाद तिथेच अडलेला आहे.

सिक्लिडची खरी ओळख म्हणजे पिल्लांवरचा पहारा, बऱ्याच जातींत तर आईबाप दोघंही तो देतात. डिस्कसची पिल्लं तर आईबापांच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात. १९५९ मध्ये हे शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं, तेव्हा मोठं नवल वाटलं. आपल्या ऑरेंज क्रोमाइडची पिल्लंही आईबापांच्या अंगाला तोंड लावून तो थर खातात, हे पुढच्या दशकात नोंदवलं गेलं. आणि छोटा क्रोमाइड मोठ्या करिमीनच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो, हे १९७० च्या दशकात.

पण हाच पहारा टाकीत भांडणाचं कारण होतो. म्हणून सिक्लिड निवडताना रंग बघून चालत नाही. मासा कुठल्या पाण्यातून आला, टाकीच्या कुठल्या थरात राहतो आणि तोंड केवढं आहे, ते बघायचं. मलावी सरोवराचं पाणी जड, अल्कधर्मी. तिथले बरेच मासे वाळू उकरतात, झाडं उपटतात. अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोचे मासे मऊ, किंचित आम्ल, कोमट पाण्यातले. दोघांना एका टाकीत घालणं म्हणजे दोघांपैकी एकाला रोज शिक्षा. आपला क्रोमाइड किनाऱ्यावरचा. त्याला जरा जड, किंचित मचूळ पाणीही चालतं. त्याची टाकी वेगळी.

टाकी मांडताना

मग झाडांच्या टाकीत कोण जमतं? मी निवडले एंजल आणि रॅम. एंजल वरच्या आणि मधल्या पाण्यात, रॅम तळाशी. दोघांनाही २७ अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. दोघंही सहसा झाडं उपटत नाहीत.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. साधारण १९० लिटर. एंजल उभा वाढतो, त्यामुळे उंची महत्त्वाची. भरल्यावर वजन दोनशे किलोच्या वर जातं, म्हणून खाली भक्कम स्टँड हवा. तळाशी बारीक वाळू. मागे व्हॅलिसनेरिया, वॉरिंग्टनच्या आठवणीसाठी. मध्ये क्रिप्टोकोरायनी, हिच्या काही जाती आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतही आहेत. लाकडाच्या ओंडक्याला जावा फर्न आणि अनुबियास बांधायचे, त्यांचं खोड वाळूत पुरायचं नाही. दिवा रोज सात-आठ तास, जास्त नको, नाहीतर शेवाळ माजतं. जपानच्या ताकाशी अमानो यांच्या चित्रासारख्या टाक्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांना कार्बन डायऑक्साइडची नळकांडी लागतात. वर सांगितलेल्या झाडांना ती लागत नाहीत.

बोअरच्या पाण्यात मी निम्मं आरओचं पाणी मिसळलं. नगरपालिकेचं पाणी असेल तर क्लोरिन काढणारं औषध घालायचं, कारण क्लोरिन माशांबरोबर जीवाणूंनाही मारतं. झाडं लावली, फिल्टर सुरू केला आणि मासे आणले नाहीत. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो. तपासणी किटनं आधी अमोनिया वाढताना दिसतो, मग नायट्राइट, आणि शेवटी दोन्ही शून्यावर येतात. तो दिवस आला की मासे आणायचे, तेही थोडेथोडे. आधी रॅमची जोडी. मग एंजलची चार पिल्लं. त्यांतली एक जोडी जमली की उरलेल्या दोघांना दुसरं घर. छोटे निऑन टेट्रा एंजलबरोबर नकोत. मोठा झालेला एंजल त्यांना घास समजतो. पाणी दर आठवड्याला पाव भाग बदलायचं, सगळं कधीच नाही. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा.

आणि एक विनंती. टाकी नकोशी झाली तर मासे तळ्यात, नदीत सोडू नका. टिलापिया हाही परदेशी सिक्लिडच. १९५२ मध्ये तो मत्स्यशेतीसाठी भारतात आणला गेला आणि आज आपल्या कितीतरी जलाशयांत स्थानिक माशांची जागा त्यानं घेतली आहे.

सहा आठवडे

ही टाकी मी बाबांच्या खोलीत मांडली. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. पाणी भरलं त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मासे कधी?"

"सहा आठवड्यांनी," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग मी त्यांना दोन वॉरिंग्टनची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक जुनी वही काढली, रेघा मारल्या आणि बँकेतल्या अक्षरात तारीख, अमोनिया, नायट्राइट असे रकाने पाडले. रोज सकाळी दहाला तपासणी. अठराव्या दिवशी नायट्राइट एवढं चढलं की त्यांनी मला ऑफिसात फोन केला. एकोणचाळिसाव्या दिवशी दोन्ही रकान्यांत शून्य आलं. त्यांनी खाली दोन रेघा मारल्या, वर्षअखेरीला खातं बंद करताना मारायचे तशा.

त्या संध्याकाळी मी म्हणालो, "बाबा, तेव्हा मी शेजाऱ्यांसमोर जे बोललो ते चुकीचं होतं. तुम्ही नव्हते मारले."

ते टाकीकडे बघत होते. म्हणाले, "मीच मारले रे. माहीत नव्हतं, एवढंच." मग थोड्या वेळानं, "गरम पाण्याची आयडिया मात्र तुझ्या आईची होती."

आतून आईचा आवाज आला, "मी खडी धुवा म्हटलं होतं, उकळा नव्हतं म्हटलं."

रॅमची जोडी दुसऱ्या दिवशी आली. एंजल त्यानंतर तीन आठवड्यांनी. बाबा वही अजून लिहितात, आता आठवड्यातून एकदा.

तर मित्रहो, तुमच्या घरी टाकी येणार असेल तर एवढंच करा. टाकी, वाळू आणि झाडं आज आणा. मासे सहा आठवड्यांनी, आणि तेही तपासणीत दोन्ही शून्य आल्यावरच. पुढच्या भागात दुसरी वस्तू घेऊन भेटू.